निमआराम

लेकीला म्हटलं, प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे
आपल्या एस्टीची निमआराम.
ती बोस्टनमध्ये हसली.
हसू परभणीला पोचायला जरा उशीर लागतो,
तेवढ्यात मी पुढचं बोलून बसतो
आणि मग दोघंही एकदम गप्प.

बत्तीस वर्षं मी डेपोत, आरक्षणाच्या खिडकीत.
कार्बननं निळा झालेला अंगठा, काचेला भोक,
भोकातून आत येणारी नुसती बोटं.
जिंतूर, गंगाखेड, पुसद, रात्रीची पुणे.
ड्रायव्हरच्या मागच्या दोन सिटा
शेवटपर्यंत कोणाला द्यायचो नाही.
लोक म्हणायचे, दाबून ठेवतो.
ठेवायचोच.
गाडी सुटता सुटता कोणीतरी यायचंच,
ओली बाळंतीण, नाहीतर पाय प्लास्टरात.

आता प्रणिताला कामासाठी लिस्बनला जायचंय.
रात्रीचं विमान, खाली सगळा अटलांटिक.
गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेत
आणि कंपनी देते साध्या सिटेचे पैसे.
"भागेल बाबा. सहा-सात तासांचा तर प्रश्न."
असंच भागेल म्हणत तिची आई
चाकावरच्या सिटेवर, पाय पोटाशी घेऊन
जन्मभर माहेरी गेली.
मी खिडकीत असताना.

तेव्हापासून भाव बघतोय.
मोंढ्यात तुरीचा बघतात तसा,
पण मोंढा संध्याकाळी बंद तरी होतो.
हा मंगळवारी उतरला,
बुधवारी कोणी हात न लावता चढला.
मग एका पहाटे सूट लागली,
तिकडच्या मध्यरात्रीपर्यंत,
म्हणजे आमच्या सकाळी साडेनऊपर्यंत.
"काय करायलेत अंधारात?" हिनं विचारलं.
म्हटलं, कोटा बघायलो.

साध्यात एकतीस इंच, हिच्यात अडतीस.
वरच्या सात इंचांना सूट जाऊन एकशे साठ डॉलर.
टेप काढला. भिंतीपासून मोजून
फरशीवर खडूनं रेघ मारली,
रेघेवर खुर्चीची पाठ ठेवून बसलो.
मग सात इंच पुढं सरकलो.
गुडघे भिंतीला.

सात इंच म्हणजे किती, ते मला विचारा.
झरीच्या शेतात थोरल्या भावाशी
एवढ्याच बांधावरून अकरा वर्षं तारखा खाल्ल्या.
निकाल लागला तेव्हा
दोघांचेही गुडघे गेले होते.
कोर्टाच्या पायऱ्या उतरताना
त्यानं माझा खांदा धरला.
मी धरू दिला.
निकाल कोणाच्या बाजूनं लागला,
ते सांगण्यासारखं नाही.

नऊ दहाला लाईट गेली.
मोबाईलमध्ये चार टक्के.
शेजारी खालिदा आपांकडं इन्व्हर्टर आहे,
त्यांच्या उंबऱ्यात बसलो, वायर ताणून.
पडद्यावर विमानाचं पोट उघडं,
रिकाम्या सिटा पांढऱ्या.
तिचा उजवा गुडघा, म्हणून
उजव्या हाताला वाट असलेली धरली.
पैसे तिच्या कार्डातून. सहा आकडे तिनं
झोपेतल्या आवाजात एकेक करून सांगितले,
मी एकेक परत म्हणून दाखवला.
जुनी खोड.
"कुठली गाडी काढली, भाई?" आपांनी विचारलं.
"निमआराम."
"सीट मिळाली ना?"
"वाटेकडची."

घरी येऊन कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं:
प्रणिता, बोस्टन ते लिस्बन, बारा क.
शिक्का मारावा असं वाटलं,
शिक्का कुठला आता.

दुपारी उठून बघतो तर
ही त्याच खुर्चीत,
मांडीवर ताट, मेथी निवडत,
पाय समोर लांब सोडलेले.
भिंतीला टेकत नव्हते.
खडूची रेघ तिनं झाडताना
तशीच ठेवली होती.
खुर्ची मी हलवली नाही.